दुखत नाही, म्हणूनच दाखवा

एकतीस वर्षं मी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका, होते. बार्शी-परांडा पट्ट्यातली उपकेंद्रं, खांद्याला लसीचा डबा, एसटी चुकली की कुणाच्या तरी बैलगाडीतून नाहीतर पायी. तरण्या पोरी 'सिस्टर' म्हणायच्या, म्हाताऱ्या 'नर्सबाई'. या सगळ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "दुखत न्हाई ओ. दुखलं तर सांगीन की."

निवृत्त झाले तरी लोक अजून घरी येतात. कुणी मोबाईलवर आलेलं काहीबाही दाखवतं, कुणी लिंबू-सोड्यानं गाठ विरघळते का विचारतं. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहून काढावं. सगळ्या कॅन्सरचं मी सांगत नाही. तोंडाचा, गर्भपिशवीच्या तोंडाचा आणि स्तनाचा, एवढ्या तिघांचं सांगते. आपल्याकडे यांचं प्रमाण मोठं, आणि वेळेत बघितलं तर लवकर हाती लागतात तेही हेच. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत हेच तीन घेतलेत ते त्यामुळेच.

आधी माझ्याच घरातलं सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीसेक वर्षं मिश्री लावायच्या. शनिवारी दुपारी परसात चूल पेटायची, त्यावर एक जुना फुटका तवा, आणि तव्यावर तंबाखू. ती काळी होईपर्यंत भाजायची. पोरं ठसके देत लांब पळायची. मग ती हातानं चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि पावडरच्या जुन्या डब्यात भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री अंथरुणावर एकदा. "त्याबिगर पोट साफ होत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीपाशी एक पांढुरका चट्टा होता. तो कधीपासून होता हे त्यांनाही सांगता आलं नाही. पुढं तिथं जखम झाली. कवळी घासते म्हणून झाली असेल असं त्याही म्हणाल्या, मीही म्हणाले. रात्री स्वयंपाक उरकताना बॅटरीच्या उजेडात एकदा बघितलं आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. मी, आरोग्य खात्यातली बाई! तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा कवळी घासून दिली. साडेतीन महिने असेच गेले. त्यांना काहीच दुखत नव्हतं. मानेत हरभऱ्याएवढी गाठ लागली तेव्हा आम्ही घाबरलो. जबड्याचा तुकडा काढावा लागला, मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या, मग शेक, म्हणजे किरणांचा इलाज. त्यानंतर अडीच वर्षं जगल्या, पण भाकरी चावून खाणं त्यांचं कायमचं गेलं. ज्वारीची आंबील आणि दुधात कुस्करलेली भाकरी, तीही गाळून.

हे होतं तरी काय

आपलं अंग पेशींचं बनलेलं आहे. जुन्या मरतात, नव्या तयार होतात. बोट कापलं की जखम भरते, आणि भरली की वाढ आपोआप थांबते. 'आता बास' हा निरोप पेशीला मिळतो आणि ती तो ऐकते. तंबाखूतली रसायनं, काही विषाणू, दारू, वर्षानुवर्षांचा धूर यांनी पेशीच्या आतला हिशेब थोडा थोडा बिघडत जातो. सगळा एकदम बिघडत नाही. एक घाव आज, एक पाच वर्षांनी. पुरेसे घाव साठले की एखादी पेशी 'बास' ऐकेनाशी होते. ती वाढत राहते, तिची पिलावळही तशीच.

शेतकऱ्याच्या घरात हे समजवायला मला कधी अडचण आली नाही. हराळी कशी असते? वरून चार पाती दिसतात, खाली मुळं कुठवर गेलीत पत्ता नसतो. एका कोपऱ्यात आहे तोवर कुदळीनं निघते. बांध ओलांडून पलीकडच्या रानात गेली की मग नांगरट, फवारणी आणि तरीही धाकधूक. कॅन्सरची 'स्टेज' म्हणजे एवढंच: हराळी कोपऱ्यात आहे, वावरभर आहे, की शेजारच्या रानात गेली.

आणि ही सुरुवातीची वाढ दुखत का नाही? ती आपलीच पेशी आहे. काटा रुतला किंवा पू झाला की अंग ओरडतं. इथं घरचंच माणूस हळूहळू जागा बळकावत असतं. शिरेवर, हाडावर दाब येईपर्यंत कळ येत नाही. त्यामुळे माझा नियम उलटा आहे. तोंडातली दुखरी, चुरचुरणारी पुळी बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात बरी होते, तिची मला फारशी भीती नाही. न दुखणारी, बरी न होणारी जखम दिसली की मात्र मी त्या माणसाला त्याच आठवड्यात एसटीत बसवते.

हा रोग शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. "आमच्या घराण्यात कुणाला नाही" यावरही विसंबू नका. शंभरात पाच ते दहा कॅन्सरच आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार आपल्या देशात दर ९ जणांमागे १ जणाला आयुष्यात कधी ना कधी हा रोग गाठू शकतो. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शंभरातले तीस ते पन्नास कॅन्सर टाळता येण्याजोगे असतात. मी आयुष्यभर या टाळता येणाऱ्यांच्या मागे फिरले.

तोंड: पाच मिनिटं, एक आरसा, दारातलं ऊन

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. उरलेला सगळा कारभार चघळण्याचा, चोळण्याचा, दाबण्याचा. सिनेमाच्या आधी धूम्रपानाची जाहिरात लागते तेव्हा आमच्या गावातले लोक निवांत गालात बार भरून ती बघत असतात. आपल्याला उद्देशून आहे असं कुणाला वाटतच नाही.

महिन्यातून एकदा तोंड बघा. तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा, सुपारी यातलं काही घेत असाल किंवा पूर्वी घेतलं असेल तर नक्कीच. सकाळी दारात ऊन येतं त्या जागी आरसा घेऊन बसा. बॅटरीच्या पिवळ्या उजेडात पांढरा चट्टा नीट दिसत नाही, हे मी फार महागात शिकले. चूळ भरा. कवळी असेल तर काढून ठेवा. हात स्वच्छ धुवा.

पहिल्यांदा ओठ. वरचा उलटा करून आतून बघा, मग खालचा. मग बोट घालून गाल बाहेर ओढा आणि थेट मागच्या दाढेपर्यंत बघा, दोन्ही बाजू. ज्या जागी तुम्ही बार ठेवता ती जागा सगळ्यात शेवटपर्यंत आणि सगळ्यात सावकाश बघायची. ती तुम्हाला पाठ असते, जीभ आपोआप तिथं जाते. मग जीभ बाहेर काढा, स्वच्छ फडक्यानं टोक धरा आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून कडा बघा. जिभेच्या कडा लोक विसरतात आणि जखम बऱ्याचदा तिथंच असते. जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. डोकं मागं टाकून टाळू बघा. शेवटी हनुवटीच्या खाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून गाठ लागते का पाहा.

काय शोधायचं? फडक्यानं पुसला तरी न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, हा पांढऱ्यापेक्षा वाईट. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. कारण नसताना हललेला दात. अचानक बसेनाशी झालेली कवळी. गिळताना अडकणं, आवाज बसून महिना होणं, जिभेला किंवा ओठाला बधिरपणा.

आता तीन बोटांची परीक्षा. आपलीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर तोंडाची आतली कातडी आवळत चालली आहे. या माणसाला आधी तिखट झोंबायला लागतं, साधी आमटीसुद्धा. मग पाणीपुरी तोंडात मावेना होते. पोरं यावर हसतात आणि पुरी फोडून खातात. हा सुपारीचा प्रताप. बऱ्याच लोकांना वाटतं, तंबाखू वाईट आणि सुपारी बिचारी देवाच्या पूजेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारी पूजेत ठेवा, गालात ठेवू नका.

राज्यात गुटख्यावर २०१२ च्या जुलैत बंदी आली. पुढं काय झालं ते कुठल्याही टपरीवर दिसतं. मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकत्र करायचं काम गिऱ्हाईकाचं. आणि आमच्या भागात मावा आहेच: कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घोटून घोटून गरम झालेला. बंदी कागदावर, मावा कागदात.

सोडायचं कसं

उपदेश मी करत नाही, आत्याबाईंपुढे चाळीस वर्षांत एकदाही चालला नाही. तंत्र सांगते.

आधी तीन दिवस फक्त लिहून ठेवा, किती वेळा आणि कधी घेता. लिहिता येत नसेल तर घेताना एक ज्वारीचा दाणा डबीत टाका. रात्री दाणे मोजताना माणूस गप्प होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मग कळतं की दहातले चार बार नुसते सवयीचे आहेत: मोटरीपाशी पाणी बघत बसताना, पारावर कुणी पुढं केला म्हणून. ते आधी सोडा. मग तारीख ठरवून बाकीचे बंद. त्या दिवशी डबी, चुनाळं, मिश्रीचा डबा घरात ठेवायचा नाही. 'असू दे एखादा' म्हणून लपवलेला डबा हमखास सापडतो.

तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढी टाळा, दात घासा, उठून चालू लागा. तोंडात लवंग, ओवा, बडीशेप धरा, सुपारी मात्र नाही. पोट साफ होत नाही ही तक्रार पहिल्या आठवड्यात खरीच असते, कारण निकोटीन आतड्याला ढकलत असतं. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी आणि ठरल्या वेळी बसणं, यानं पंधरा दिवसांत अंग वळणावर येतं. चिडचिड, झोप उडणं दोन ते चार आठवडे चालतं. घरच्यांनी त्या काळात त्या माणसाच्या तोंडी लागू नये.

मिश्री लावणाऱ्या बऱ्याच बायांची सुरुवात दाढदुखीपासून झालेली असते. तेव्हा दाढेचा इलाज आधी करा, नाहीतर दुखली की बाई पुन्हा तव्याकडे जाते. दिवसाला बारा-पंधरा बार असतील तर नुसत्या मनाच्या जोरावर निभणं अवघड आहे. औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं. ते शेंगदाण्यासारखं कराकरा चावायचं नाही. थोडं चावायचं, झिणझिणलं की गालात धरून ठेवायचं. डॉक्टरला विचारून मात्रा ठरवा. तंबाखू सोडायला मदत करणारा फुकट नंबर १८००-११-२३५६ आहे. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, चष्मा लावून बघा.

पिशवीचं तोंड: ज्या तपासणीला मी स्वतः घाबरले

लोक सरसकट 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात. मी सांगतेय तो पिशवीच्या तोंडाचा. तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. एवढं म्हटलं की खोलीत शांतता होते. म्हणून लगेच सांगून टाकते: हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी तो लागतोच, एकच नवरा असलेल्या बाईलाही, आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. बाईच्या वागणुकीचा निकाल त्यावर लावायचा नसतो. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो, आणि त्यातून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे आपल्या हातात दहा वर्षं असतात. त्या काळात काही दुखत नाही.

आमच्या भागातल्या बायांनी या बाबतीत जगाला शिकवलं आहे, हे इथल्या पोरींनाच माहीत नाही. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, देशातली पहिली. पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निकाल छापून आला: ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशवीच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून बघायची दुसरी एक तपासणी असते, ती एकदाच केली तर मात्र तिथं तसा ठळक फायदा दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं तीच व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तीही दहावी शिकलेल्या आणि खास शिकवून तयार केलेल्या बायांच्या हातून. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. यातून मी घेतलेला धडा साधा आहे. एचपीव्ही तपासणी मिळत असेल तर ती घ्या. व्हिनेगरची असेल तर एकदा करून 'झालं' म्हणू नका, पुन्हा करा.

आता तपासणी कशी होते ते सांगते, कारण भीती त्याचीच असते. इतर बायांना समजावून पाठवणारी मी स्वतः सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत टाळत होते. आज पाळी, उद्या पंगत, परवा मीटिंग. शेवटी एका शिबिरात माझ्याच आशाताईनं मला हाताला धरून टेबलापाशी नेलं. "सिस्टर, आता तुमी." पडदा ओढला. पाय वर घेऊन आडवं व्हायचं. चमच्यासारखं एक साधन आत घालून वाट मोकळी करतात, त्याचा गार स्पर्श होतो आणि थोडा दाब वाटतो. श्वास सोडला की दाब कमी होतो, अंग आवळलं की वाढतो. मग कापसाच्या बोळ्यानं सौम्य व्हिनेगर लावतात आणि एक मिनिट थांबतात. थोडं चुरचुरतं. बिघडलेली जागा असेल तर ती पांढरी पडते आणि उघड्या डोळ्यांना दिसते. निकाल तिथल्या तिथे. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ. उठून साडी सावरताना मला माझीच लाज वाटली.

पांढरा डाग आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची तपासणी करतात, गरज पडली तर ती जागा गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात, आणि बाई त्याच दिवशी घरी येते. पाळी चालू असताना ही तपासणी करू नये. पाळी गेलेल्या बाईला व्हिनेगरनं नीट दिसत नाही, तिनं पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन बघायची तपासणी) किंवा एचपीव्ही मागावी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावर गेलं, किंवा घाण वासाचं पाणी जात असेल तर शिबिराची वाट न बघता दवाखाना गाठा.

मुलींसाठी लस आहे. बाजारातल्या लशीच्या पत्रकाप्रमाणे ९ ते १४ वर्षांत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपल्या देशातली लस २०२३ साली बाजारात आणली. सरकारी मोहिमेत तुमच्या गावात कधी, कोणत्या वयाला आणि किती डोस मिळतात ते आशाताईला विचारा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

आणि एक गोष्ट मला रागानं सांगायची आहे. "पांढरं जातंय? पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." ही भीती दाखवून ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. ऐन तिशीत पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, आणि ती बाई मोळी उचलायची राहत नाही. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर तीन गोष्टी मागा: तपासणीचा कागद, सोनोग्राफीचा कागद आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायला आठ दिवस. खरं कारण असलेला डॉक्टर आठ दिवसांना नाही म्हणत नाही.

छातीची गाठ

इथं थोडक्यात सांगते. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांत, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं, बोटांच्या पेरांनी गोल गोल फिरवत बघा. काखेतही. आपलं अंग कसं आहे हे आपल्याला माहीत असावं, म्हणजे बदल लगेच लागतो. न दुखणारी टणक गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काही दिसलं तर दाखवा. बहुतेक गाठी साध्या निघतात. साधी आहे की नाही हे मात्र आपण ठरवायचं नाही. तिशीनंतर शिकलेल्या हाताकडून तपासून घ्या. बाळाला अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमी होतो, पाळी गेल्यावर वजन वाढलं तर वाढतो. दारूनंही वाढतो, हे शहरातल्या वाचकांसाठी.

जाता जाता पुरुषांना: दारू आणि तंबाखू एकत्र घेणाऱ्याला दोन्हींची बेरीज होऊन भागत नाही, धोका त्याहून पुष्कळ चढतो. आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर पहिल्या चोवीस तासांत बाळाला कावीळ 'ब'ची लस टोचली का बघा. ती पुढं यकृताच्या कॅन्सरपासूनही राखते.

सापडलं तर

तीस पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा आशाताई एक फॉर्म भरते, त्याला आम्ही सीबॅक म्हणतो. त्यात तंबाखू, दारू, पोटाचा घेर असं विचारतात. लोक खोटं सांगतात. खरं सांगा, तो फॉर्म सासऱ्यांना दाखवत नाहीत. त्यावरून उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आरोग्य मंदिरात, तपासणीला बोलावतात.

संशय आला की डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात. इथं लोक अडतात. "कात्री लावली की पसरतो." हे मी इतक्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय की चिडही येईनाशी झाली. तुकड्याशिवाय रोग कुठला, कोणतं औषध, हे कळतच नाही. तपासणीनंतर काही महिन्यांनी माणूस गेला तर लोक कात्रीला दोष देतात. तो मुळात किती उशिरा आला होता हे कुणी मोजत नाही.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, शेक त्यात बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. दागिना मोडायच्या आधी तिथं जा. कागदांची एकच पिशवी करा, तारखेप्रमाणे लावा, मूळ कागद कुणाला देऊ नका. रुग्णाबरोबर असा माणूस पाठवा जो प्रश्न विचारायला लाजत नाही. काढे, झाडपाला, बाबांचं पाणी यात दोन महिने घालवू नका. ज्यांना द्यायचंच आहे त्यांनी डॉक्टरला सांगून आणि इलाज चालू ठेवून द्यावं.

गेल्या दिवाळीत माझे धाकटे दीर आले होते. वय बावन्न, वीस वर्षांचा मावा. फराळाला बसले तर चकली मोडून मोडून तोंडात टाकत होते. मी काही बोलले नाही. चहा झाल्यावर म्हटलं, "भाऊजी, जरा दारात उन्हात येता का? आणि तीन बोटं घालून दाखवा." हसले. घातली. दोन गेली, तिसरं अडलं. उजव्या गालात, मावा धरायच्या जागी, आठ आण्याएवढा पांढरा चट्टा होता. फडक्यानं पुसला, गेला नाही.

"वैनी, दुखत न्हाई पण."

मी आत गेले आणि त्यांचं आधार कार्ड मागितलं. सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं आम्ही बार्शीला गेलो.